लेबर रूमची तपासणी: रंग, रजिस्टर आणि रात्रपाळी

'लक्ष्य' या सरकारी रुग्णालयांतल्या प्रसूती सेवेची गुणवत्ता वाढवायच्या कार्यक्रमाचं तपासणी पथक येणार असं कळलं की लेबर रूमला रंग लागतो, पडदे बदलतात, प्रोटोकॉलची पोस्टरं नव्याने लॅमिनेट होऊन भिंतीवर चढतात. त्यात वावगं काही नाही. रंगामुळे गुण वाढवायचे नाहीत आणि रंग ताजा दिसतो म्हणून संशयही घ्यायचा नाही, एवढं तपासणाऱ्याने सांभाळलं की झालं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा आवाका मुद्दाम लहान ठेवलेला आहे: लेबर रूम आणि मॅटर्निटी ओटी, म्हणजे प्रसूतीचं ऑपरेशन थिएटर. मोजपट्टी राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची, म्हणजे एनक्वासची. तिचे आठ भाग आहेत: सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, साहाय्यभूत सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. प्रमाणपत्रासाठी ७० टक्के लागतात; ८० च्या वर गेलं तर सुवर्ण, ९० च्या वर प्लॅटिनम. पुरावा गोळा करायचे मार्ग चार: डोळ्यांनी बघणं, कर्मचाऱ्यांना विचारणं, कागद तपासणं आणि मातेशी किंवा नातेवाइकांशी बोलणं. आम्हा तपासणाऱ्यांचा एक नियम आहे, तो पुस्तकात नाही: एकाच मार्गाने मिळालेल्या पुराव्यावर दोन गुण द्यायचे नाहीत. रजिस्टर सांगतंय, सिस्टरही सांगताहेत आणि डोळ्यांना दिसतंय, तरच दोन.

पोचल्यावर अधीक्षकांच्या दालनात सादरीकरण ठेवलेलं असतं. आम्ही ते दुपारवर ढकलायला सांगतो आणि सकाळी आठच्या सुमाराला, रात्रपाळी सुटताना, थेट लेबर रूममध्ये उभं राहतो. दिवसभरात हँडओव्हरएवढं, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याएवढं, सांगून जाणारं दुसरं काही सापडत नाही. चांगला हँडओव्हर टेबलाशी होतो, त्या बाईसमोर: कितवं बाळंतपण, गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलंय, बाळाचे ठोके शेवटचे कधी आणि किती, कोणतं औषध किती वाजता दिलं आणि 'हिच्याकडे लक्ष ठेवा, बीपी चढतंय' असं एखादं वाक्य. वाईट हँडओव्हर ड्यूटी रूममध्ये होतो. एक सिस्टर रजिस्टर वाचते, दुसरी मान डोलावते, तिसरी कपाटाच्या किल्ल्या शोधत असते. रात्री कोण डॉक्टर होते आणि ते किती वेळा आले, हेही याच वेळी सहज विचारून घ्यावं. रात्रपाळीची सिस्टर घरी गेली की हे उत्तर मिळत नाही, मिळालंच तर साफसूफ केलेलं मिळतं.

मग ट्रे. लेबर रूममध्ये सात ट्रे असायला हवेत: डिलिव्हरी, एपिझिओटॉमी (योनिमार्गाला छेद देण्याचा), बेबी, औषधांचा, तातडीच्या औषधांचा, एमव्हीए किंवा ईव्हीए (गर्भाशय रिकामं करायच्या साधनांचा) आणि पीपीआययूसीडी (बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवायचा). सातही मांडलेले असतात, वर यादी चिकटवलेली असते. यादी वाचून पुढे जाऊ नये. आम्ही तातडीचा ट्रे उचलतो आणि सिस्टरना म्हणतो, 'बाईला आत्ता झटका आला. मॅगसल्फचा पहिला पूर्ण डोस तयार करा.' मॅगसल्फ म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट. हिशेब असा आहे: शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम, एकूण १४ ग्रॅम. ५० टक्के द्रावणाच्या २ मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतो, म्हणजे अँप्यूल लागतात १४. शिरेतून द्यायच्या चार अँप्यूलचे ८ मिलिलिटर होतात. त्यात १२ मिलिलिटर सलाइन मिसळून २० मिलिलिटर करायचं आणि सावकाश द्यायचं. बऱ्याच ट्रेमध्ये दहाच अँप्यूल सापडतात. कारण सोपं आहे: रेफर करण्याआधी द्यायचा स्नायूतला डोस १० ग्रॅमचा, आणि ट्रेची यादी खालच्या केंद्रावरून जशीच्या तशी उतरवलेली असते. जिथे सिझेरियन होतं, जिथे भूलतज्ज्ञ आहे, तिथेही ट्रे प्राथमिक केंद्राचाच. दुसरी गफलत अँप्यूलच्या आकाराची. पुरवठा १ मिलिलिटरच्या अँप्यूलचा आला तर एकात अर्धाच ग्रॅम असतो, संख्या दुप्पट लागते आणि यादीवरचा आकडा मात्र तोच राहतो. म्हणून आम्ही अँप्यूल मोजत नाही, लेबल वाचून ग्रॅम मोजतो. शेजारी मॅगसल्फवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, तेही बघतो. ते क्वचितच लागतं, म्हणून मुदत संपल्याचं बहुधा कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. पुढचा डोस द्यायच्या आधी काय बघाल, हा प्रश्न तर विचारायचाच: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, मिनिटाला किमान १६ श्वास, तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी. लघवी मोजायची तर कॅथेटर आणि युरोबॅग हवी. ती ट्रेजवळ आहे की स्टोअरमध्ये कुलूपबंद?

फ्रिज. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव थांबावा म्हणून द्यायचं औषध, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. तापमानाच्या तक्त्यावर महिनाभर रोज '४' लिहिलेलं दिसलं तर तो तक्ता एका बैठकीत भरलेला आहे, असं समजायला हरकत नाही. त्यावर वाद घालण्यापेक्षा थर्मामीटर काढून घड्याळ लावून बघावं. अँप्यूल दारात ठेवल्यात का, बर्फाच्या कप्प्याला चिकटल्यात का, ट्रेमध्ये सकाळपासून किती बाहेर काढून ठेवल्यात, तेही. बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत द्यायचे; अँप्यूल ५ युनिटची असेल तर दोन लागतात. 'इंजेक्शन दिलं' असं रजिस्टरमध्ये शंभर टक्के असतं. किती वाजता दिलं, तो रकाना बघा. बाळाच्या जन्माची वेळ आणि इंजेक्शनची वेळ सगळीकडे हुबेहूब तीच दिसली तर कुणी घड्याळ बघत नाही.

घड्याळावरून आठवलं. लेबर रूमचं भिंतीवरचं घड्याळ, ओटीचं घड्याळ आणि आपला मोबाइल, तिन्हींच्या वेळा लिहून घ्याव्यात. पाच-सात मिनिटांचा फरक हमखास सापडतो. तातडीच्या सिझेरियनमध्ये निर्णयापासून जन्मापर्यंत ३० मिनिटांची अपेक्षा असताना हा फरक किरकोळ नाही. निर्णय एका घड्याळावर आणि जन्म दुसऱ्यावर नोंदला तर तो काळ मोजताच येत नाही.

पार्टोग्राफवर, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायच्या आलेखावर, थांबावं लागतं. सक्रिय कळा सुरू झाल्यावर, आपल्याकडच्या सोप्या पार्टोग्राफमध्ये ४ सेंटीमीटरपासून, बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाने, आईची नाडीही अर्ध्या तासाने, गर्भाशयाचं तोंड दर चार तासांनी. आम्ही मागच्या महिन्यातले दहा-बारा केसपेपर स्वतः निवडतो. त्यांनी निवडून दिलेले घेत नाही. बाळंतपणानंतर बसून भरलेला पार्टोग्राफ ओळखायला फार अनुभव लागत नाही. एकाच पेनाने, एकाच दाबाने ओढलेली रेघ. ठोके १४०, १४४, १४०, १४४. गर्भाशयाचं तोंड उघडण्याची रेघ अलर्ट लाइनला (प्रगती मंदावल्याचा इशारा देणाऱ्या छापील रेघेला) अशी समांतर की पट्टीने आखावी. खरा पार्टोग्राफ गबाळा असतो: कुठे शाईचा रंग बदललेला, कुठे नोंद चाळीस मिनिटांनी, कुठे ठोके ११८ आणि त्यापुढे 'डॉ. मॅडमना कळवलं, डावीकडे वळवलं'. अशा पानाला आम्ही आनंदाने पूर्ण गुण देतो. अॅक्शन लाइन (जिच्यापुढे पाऊल उचलायलाच हवं ती रेघ) ओलांडलेली पानं वेगळी काढायची आणि ओलांडल्यावर तासाभरात काय झालं ते शोधायचं. एकही पान अॅक्शन लाइन ओलांडत नसेल तर शंका घ्यायची.

नोंदी खोट्या का भरल्या जातात? आळस हे उत्तर सोयीचं आहे, पण रात्री एक सिस्टर आणि तीन टेबलं असतील तर अर्ध्या तासाला ठोके घेणं शक्यच नसतं. तिला ते माहीत असतं, इन्चार्जनाही माहीत असतं आणि पान कोरं ठेवलं तर कारणे दाखवा नोटीस तिलाच मिळते. तेव्हा पार्टोग्राफवरचा शेरा लिहिण्याआधी ड्यूटी रोस्टर मागवावा. कागदावर किती सिस्टर, प्रत्यक्षात किती, त्यातल्या कितींची बाळंतपणाची कौशल्य चाचणी झाली आहे. लेबर रूमच्या प्रशिक्षित सिस्टरना दुसऱ्या वॉर्डांत फिरवू नये, असं 'लक्ष्य'च्या मार्गदर्शिकेत आहे. तरी सहा महिन्यांत त्या मेडिसिन वॉर्डात आणि नवी मुलगी टेबलाशी, हे चित्र नवं नाही.

नवजात कोपऱ्यात आम्ही बोलत नाही, बाहुली ठेवतो आणि घड्याळ सुरू करतो. बाळ रडत नाहीये, पहिलं मिनिट तुमच्या हातात आहे. त्याआधी बाळाला श्वास द्यायची मास्कवाली बॅग स्वतः तपासून घ्यावी: मास्कचं तोंड तळहातावर घट्ट दाबायचं आणि बॅग पिळायची. हाताला दाब जाणवला आणि प्रेशर व्हॉल्व्हमधून फुस्स आवाज आला तर बॅग ठीक. काहीच दाब जाणवत नसेल तर बॅग फाटली आहे किंवा धुतल्यावर व्हॉल्व्ह उलटा बसवला आहे. दुसरं जास्त वेळा आढळतं. मास्क शून्य आणि एक, दोन्ही मापांचे हवेत. कौशल्याच्या चुका ठरलेल्या असतात. सिस्टर आधी ऑक्सिजनच्या नळीकडे धावतात, सक्शन (नाकातोंडातला स्राव ओढून काढणं) लांबवतात आणि मिनिट तिथेच संपतं. बॅग सुरू केली तर छाती वर येत नाही, आणि मान सरळ करून मास्क पुन्हा बसवायचं कुणाला सुचत नाही. फक्त बॅग अधिक जोराने दाबली जाते. सक्शनचा दाब ८० ते १०० मिलिमीटरच्या पुढे नको, हे यंत्रावर लाल खूण करून ठेवलेलं असेल तर त्या इन्चार्ज सिस्टरची नोंद घ्यावी. चांगल्या लोकांचीही नोंद घ्यायची असते.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव घेताना पहिला प्रश्न उपचाराचा नसतो. 'रक्त किती गेलं, हे तुम्हाला कसं कळलं?' नजरेने केलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी कमरेखाली लावतात का, की चादर बघून ठरवतात? मग क्रम: मदतीला हाक, गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिनची ड्रिप, तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम, मूत्राशय रिकामं, वार (प्लासेंटा) आणि जखमा तपासणं. हे बहुतेकींना पाठ असतं. अडतं ते दाराबाहेर. रक्त आणायला कोण जाणार? रात्री दोन वाजता रक्तपेढीचं दार कोण उघडतं? रक्तसाठा केंद्र असेल तर तिथे आत्ता कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत? हे प्रश्न डॉक्टरांना नाही, रात्रीच्या वॉर्डबॉय मामांना विचारावेत. 'मी तर लिफ्ट बंद असते म्हणून मागच्या जिन्याने जातो' असं ते सांगतात आणि एका वाक्यात सात मिनिटांचा हिशेब लागतो.

संसर्ग नियंत्रणाबद्दल थोडक्यात. ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण, म्हणजे एक लिटर पाण्यात सपाट तीन चमचे, साधारण १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ते मावशींनी करून दाखवावं, इन्चार्जनी नाही. वार पिवळ्या पिशवीत. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. कोपराने उघडायचा नळ आहे आणि त्याला पाणी आहे का, हेही उघडून बघायचं.

मातांशी बोलायला आम्ही पीएनसी, म्हणजे बाळंतपणानंतरच्या, वॉर्डात जातो, आणि सोबत आलेल्या सिस्टरना बाहेर थांबायची विनंती करतो. 'त्रास झाला का? कुणी ओरडलं का?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'नाही, सगळे चांगले आहेत.' बाई अजून त्यांच्याच ताब्यात असते, ती दुसरं काय म्हणणार! घटना विचाराव्यात. कळा सुरू असताना जवळ कोण होतं? बाळ आधी कुणाकडे दिलं, तुमच्या पोटावर ठेवलं का? दूध पहिल्यांदा कधी पाजलं? टाके घालताना बधिर केलं होतं का? सासूबाईंना वेगळं विचारावं की बाहेरून काय आणावं लागलं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, गाडी, सगळं मोफत असायला हवं. पिशवीतून मेडिकलच्या दुकानाची चिठ्ठी निघाली तर तिच्यावरचं औषध, तारीख आणि लिहिणाऱ्याची सही टिपून घ्यावी आणि त्याच दिवशीचा औषधसाठा तपासावा. साठ्यात औषध होतं तर प्रश्न वॉर्डाचा, नव्हतं तर खरेदीचा.

इथून नेतृत्वाची तपासणी सुरू होते. तपासणी यादीत तिच्यासाठी गुणवत्ता व्यवस्थापनाचा भाग आहे: क्वालिटी सर्कल, म्हणजे कर्मचाऱ्यांचा गुणवत्ता गट, स्थापन झालं का, बैठका होतात का, इतिवृत्त आहे का. तिन्हीला 'हो' मिळवणं अवघड नाही. आम्ही वेगळा मार्ग धरतो. सकाळी दिसलेल्या दोन-तीन बिघडलेल्या गोष्टी घ्यायच्या आणि त्यांचा माग वरपर्यंत काढायचा. सक्शन मशीन बंद आहे, समजा. कुणाच्या आधी लक्षात आलं? कुठे लिहिलं? ते कुणी वाचलं? दुरुस्तीच्या कंत्राटदाराकडे तक्रार गेली का, तिचा क्रमांक काय, उत्तर काय आलं? माग चारपैकी एका ठिकाणी तुटतो. लिहिलंच नव्हतं, म्हणजे लिहून काही होत नाही असा अनुभव आहे किंवा लिहिणाऱ्याला बोलणी बसतात. लिहिलं पण वाचलं नाही, म्हणजे राउंड नावापुरता आहे. वाचलं पण खर्चाचा अधिकार नव्हता, म्हणजे गाठ जिल्ह्याकडे आहे. सगळं झालं पण मशीन परत तसंच बंद पडलं, म्हणजे खरेदी चुकली. अहवालात 'उपकरण नादुरुस्त' एवढंच लिहिलं तर हे चारही एकसारखे दिसतात आणि उपाय चुकतो.

क्वालिटी सर्कलची वर्षभराची इतिवृत्तं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. जानेवारीत 'मनुष्यबळ कमी', मार्चमध्ये 'मनुष्यबळ कमी', नोव्हेंबरमध्येही तेच. ते कुणाला कळवलं, त्याचं पत्र कुठे आहे? अधीक्षकांच्या रात्रीच्या राउंडच्या सह्या बघितल्या की त्याच तारखेला ड्यूटीवर असलेल्या सिस्टरना 'सर आले तेव्हा काय म्हणाले?' एवढं विचारायचं. जिथे राउंड खरे असतात तिथे उत्तर लगेच आणि तपशिलात येतं.

मातामृत्यूचं अन्वेषण हा यातला सर्वांत जड कागद. तिथे 'नातेवाइकांनी आणायला उशीर केला' हेच कारण पुन्हा पुन्हा आलं तर अन्वेषण स्वतःला वाचवण्यासाठी झालं आहे. उशीर तीन असतात: घरी ठरवण्यातला, वाटेतला आणि रुग्णालयात पोचल्यानंतरचा. तिसऱ्याबद्दल एक ओळही नसेल तर त्या रात्रीच्या सिस्टरना बैठकीला बोलावलं होतं का ते बघा. इंग्लंडमधल्या श्रूझबरी आणि टेलफर्ड इथल्या प्रसूती सेवेवर डोना ऑकेंडन यांचा अहवाल २०२२ मध्ये आला. चांगली काळजी मिळती तर २०१ बाळं वाचू शकली असती, असं त्यात म्हटलं आहे. घटनांची धड चौकशी न होणं, त्यातून न शिकणं आणि कुटुंबांचं न ऐकणं ही कारणं तिथे वारंवार येतात. पैसा आणि यंत्रं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असलेल्या व्यवस्थेत हे झालं.

आकड्यांची एक उलटतपासणी आम्ही कधीही सोडत नाही. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये 'बाळ जन्मताच रडलं' असं लिहिलेली बाळं घ्यायची आणि एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या) भरती रजिस्टरमध्ये त्याच तारखांना, त्याच आईच्या नावाने श्वास कोंडल्याचं निदान शोधायचं. जुळणाऱ्या नोंदी सापडतातच. तसंच मृतजन्मांचं: ताजे आणि आधीच दगावलेले यांची वर्गवारी डॉक्टर करतात की रजिस्टर लिहिणारा? ताजा मृतजन्म म्हणजे बाळ बहुधा कळांच्या काळात गेलं, म्हणजे आपल्या देखरेखीत. तो रकाना सतत शून्य असेल तर ते यश मानण्याआधी केसपेपर उघडावेत. आणि रेफर रजिस्टर: 'पुढील उपचारासाठी' हे कारण नाही. पुढच्या रुग्णालयाला फोन केला का, सोबत कोण गेलं, मॅगसल्फ देऊन पाठवलं का, बाईचं पुढे काय झालं? शेवटचा रकाना बहुधा कोरा असतो. असे कोरे रकाने ज्या रुग्णालयात जास्त, तिथला मृत्यूचा आकडा आम्ही जपून वापरतो.

धोका समोर दिसला तर अहवालाची वाट बघायची नसते. व्हॉल्व्ह उलटा बसवलेली बॅग तिथल्या तिथे काढून ठेवायची, दुसरी मागवायची आणि मगच गुण भरायचे. समारोपाच्या बैठकीत टेबल क्रमांक, वेळ आणि रजिस्टरचं पान सांगून बोलायचं, पण नोंद दाखवणाऱ्या सिस्टरचं नाव घ्यायचं नाही. पुढच्या पथकाला खरं बोलणारं कुणी शिल्लक राहायला हवं.

त्रुटी लिहिताना शब्द मोजून वापरावे लागतात. 'तातडीच्या ट्रेमध्ये त्रुटी' या नोंदीवर उत्तर येतं 'पूर्तता केली', आणि ट्रे तसाच राहतो. आम्ही असं लिहितो: 'ट्रेमध्ये मॅगसल्फ १० ग्रॅम, आवश्यक १४. ट्रेची यादी या रुग्णालयासाठी बदललेली नाही. जबाबदार: इन्चार्ज सिस्टर, यादीपुरतं; औषध भांडार, साठ्यापुरतं. मुदत सात दिवस.' खर्च लागणाऱ्या त्रुटी तीन गठ्ठ्यांत टाकायच्या: बिनखर्चाच्या, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होणाऱ्या आणि जिल्ह्याला किंवा राज्याला कळवायच्या. तिसऱ्या गठ्ठ्याचं पत्र बैठक उठण्याआधी अधीक्षकांच्या सहीने निघालं की त्याचा जावक क्रमांक अहवालात घालता येतो. पुढच्या पथकाने आधी तो क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या आवक रजिस्टरमध्ये बघावं.